किल्ल्यासारखा दिसणारा विटांचा वाडा : ऑक्सबर्ग हॉलच्या फरशीखाली माणसं का लपायची?

इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये पाण्याने भरलेल्या खंदकाच्या मधोमध लाल विटांचा एक वाडा उभा आहे, ऑक्सबर्ग हॉल. फोटोत तो थेट किल्ला वाटतो. साधारण ८० फूट उंच प्रवेशद्वार, दोन्ही अंगांना बुरूज, वर चर्या, भिंतींत जंग्या.

पण नीट पाहा. दरवाजाच्या डोक्यावरच्या त्या मोठमोठ्या खिडक्या लढाईत काय कामाच्या? हा सगळा थाट मुख्यतः दाखवण्यासाठी होता. १४८२ मध्ये एडमंड बेडिंगफेल्ड यांना राजा चौथा एडवर्ड याने चर्या बांधण्याचा परवाना दिला. त्या काळात असा परवाना मिळणं ही प्रतिष्ठेची खूण होती. वीटही तशीच. नॉरफोकमध्ये बांधकामाला चांगला दगड फारसा मिळत नाही, माती मात्र मुबलक. तरी भाजलेली वीट ऐपतदारांनाच परवडायची, म्हणूनच ती मिरवायची! प्रवेशद्वाराच्या इमारतीतला गोल जिनासुद्धा विटांचाच आहे. १४८७ मध्ये राजा सातवा हेन्री इथे येऊन गेला आणि दरवाजावरच्या दालनाला ‘राजाची खोली’ हे नाव पडलं.

पुढच्या शंभर वर्षांत वारं फिरलं. इंग्लंड प्रोटेस्टंट झालं, बेडिंगफेल्ड कुटुंब मात्र कॅथलिकच राहिलं. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने देशात राहणं हा राजद्रोह ठरला. त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड!

मग त्याच राजाच्या खोलीला लागून असलेल्या शौचकूपाच्या फरशीत एक झडप आली. ती आसावर फिरते आणि बंद केली की आजूबाजूच्या फरशीत बेमालूम मिसळून जाते. खाली अंग चोरून बसण्यापुरती जागा. झडतीला आलेले शिपाई डोक्यावर फिरत असताना माणसाने तिथे श्वास रोखून बसायचं.

आज दिसणारं सगळंच इतकं जुनं नाही. मूळचा भव्य दिवाणखाना १७७५ मध्ये पाडला गेला आणि १९व्या शतकात वाड्याची बरीच डागडुजी झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तर अख्खा वाडाच पाडायला निघाला होता. घराण्यातल्या सिबिल बेडिंगफेल्ड यांनी नातेवाइकांसोबत पैसे उभे करून तो परत घेतला आणि १९५२ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे सोपवला.

तो वाचला म्हणून २०२० मध्ये छपराच्या दुरुस्तीवेळी माळ्यावर १५६८ सालचं प्रार्थनेचं पुस्तक सापडलं. शिवाय उंदरांची घरटीही मिळाली, ट्यूडर काळातल्या उंची कापडाच्या तुकड्यांनी सजवलेली.