मायक्रोवेव्ह दुवा: अंतर, वारंवारता आणि घट

अँटेनातून निघालेली लहर पुढे जाताना पसरते आणि तिची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की घट 6 डेसिबलने वाढते. 6 गिगाहर्ट्झवर पहिल्याच किलोमीटरला सुमारे 108 डेसिबल जातात, 40 किलोमीटरला एकूण 140. म्हणजे उरलेल्या 39 किलोमीटरचा वाटा जेमतेम 32 डेसिबलचा!

वारंवारता दुप्पट केली तरी मोकळ्या जागेतील घटीच्या सूत्रात तेवढीच, 6 डेसिबलची भर पडते. दोष मात्र मोकळ्या जागेचा नाही. सूत्रात सर्व दिशांना सारखाच असणारा आदर्श अँटेना गृहीत धरलेला असतो आणि तरंगलांबीबरोबर त्याचे ग्रहणक्षेत्र आक्रसते. दोन्ही टोकांना पूर्वीच्याच व्यासाच्या डिश ठेवल्या, तर प्रत्येकीची लब्धी 6 डेसिबलने वाढते; तोटा भरून निघतो, वर थोडा फायदाच.

खरी अडचण पावसाची. साधारण 10 गिगाहर्ट्झच्या वर थेंब लहर लक्षणीय प्रमाणात शोषतात, विखुरतात. ही घट दर किलोमीटरला साठत जाते, म्हणून कोकणासारख्या मुसळधार पट्ट्यात 23 गिगाहर्ट्झचे दुवे आखूडच ठेवावे लागतात. 60 गिगाहर्ट्झजवळ तर कोरड्या हवेतला ऑक्सिजनही किलोमीटरमागे सुमारे 15 डेसिबल गिळतो.