बोलता येईल इतक्याच वेगाने

धावण्याने प्रकृती सुधारते हे विधान आता इतके सर्वपरिचित झाले आहे की, नेमके काय सुधारते आणि ते कशामुळे, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. वजन उतरते हे त्याचे ठरीव उत्तर असले तरी ते अपुरे आहे, आणि केवळ वजनकाट्यावर नजर ठेवून धावू लागलेल्या माणसाची उमेद लवकर का खचते, याचेही कारण पुष्कळदा त्या अपुरेपणातच सापडते. धावणे, पोहणे, सायकल चालवणे यांसारख्या बराच वेळ एका लयीत चालणाऱ्या व्यायामांत ज्या शक्तीचा कस लागतो, ती शरीरशास्त्रात ‘प्राणवायू-ग्रहणाची कमाल क्षमता’ या मापाने मोजली जाते. पूर्ण जोर लावला असता शरीर एका मिनिटात किती प्राणवायू वापरू शकते, हे त्या मापावरून कळते. व्यवहारातला ‘दम’ तो हाच.

हा दम किती सहज गमावता येतो आणि किती उशिरापर्यंत परत मिळवता येतो, याचा अत्यंत बोलका पुरावा अमेरिकेतील डॅलस येथे मिळाला. तेथे १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले, आणि तेवढ्या अवधीत त्यांची ही क्षमता चौथ्या हिश्शाहूनही अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीला पोहोचलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांचे सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेले होते आणि शरीरातील चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही तरुणपणी तीन आठवडे पडून राहिल्याने झालेली हानी तीस वर्षांच्या वाढत्या वयाने केलेल्या हानीपेक्षा मोठी होती. त्यानंतर त्यांना चालणे, हळू धावणे आणि सायकल यांचा सहा महिन्यांचा, टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा व्यायाम देण्यात आला. वजन थोडेच उतरले, परंतु प्राणवायू-ग्रहणाची क्षमता त्यांच्या विशीतल्या मूळ पातळीवर परत आली. अवघ्या पाच माणसांवरून सार्वत्रिक नियम बांधता येत नाही हे खरे. मात्र वजनकाटा जवळजवळ स्थिर असतानाही शरीराच्या आत केवढे स्थित्यंतर घडू शकते, हे त्यातून निःसंशय दिसते.

हे स्थित्यंतर मुख्यतः स्नायूंत घडले होते. त्या पाच जणांचे हृदय विशीतल्यापेक्षा अधिक रक्त फेकू लागले नव्हते. आलेल्या रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेण्याचे कसब त्यांच्या स्नायूंनी मिळवले होते. नियमित व्यायामाने स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे, म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे, जाळे दाट होते आणि पेशींमधील तंतुकणिका वाढतात. तंतुकणिका म्हणजे साखर व चरबी यांचे प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जेत रूपांतर करणारे पेशींतील सूक्ष्म घटक. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेऊ शकतो, आणि म्हणूनच मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांना या व्यायामाचे मोल विशेष आहे. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी याच कारणास्तव औषधांच्या मात्रेविषयी आधी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक ठरते.

यातील बरेचसे बदल सावकाश धावण्याने घडतात, ही गोष्ट नवख्यांना पटवणे सर्वांत कठीण असते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ती पटवली. त्यांच्या शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली, आणि त्या यशाचा पाया दर आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर संयत वेगाने धावण्यावर रचलेला होता. परंतु लिडियार्ड यांचे त्याहून मोठे कार्य म्हणजे हेच तत्त्व त्यांनी ऑकलंडमधल्या स्थूल, मध्यमवयीन आणि हृदयविकारातून उठलेल्या सामान्य माणसांपर्यंत नेले. तेथे गेलेले अमेरिकी प्रशिक्षक बिल बॉवरमन यांना सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांच्या बरोबरीने धावणे जड गेले. मायदेशी परतून त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साथीने १९६७ साली जॉगिंगवर पुस्तक लिहिले, आणि तो शब्द अमेरिकेत घरोघरी पोहोचला. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतकाच वेग ठेवणे, ही या पद्धतीची साधी कसोटी आजही तितकीच उपयुक्त आहे.

या उत्साहाला एक गंभीर बाजूही आहे. दिवसाला दोन पाकिटे सिगारेट ओढणारे, ९५ किलोंहून अधिक वजनाचे जिम फिक्स पस्तिशीत धावू लागले, सडपातळ झाले आणि १९७७ साली धावण्यावरील अत्यंत लोकप्रिय पुस्तकाचे लेखक ठरले; १९८४ साली, ५२व्या वर्षी, धावण्याच्या व्यायामातच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या वडिलांचेही हृदय चाळिशीतच थांबले होते. धावण्याने हृदयविकाराचा धोका कमी होतो, पण पूर्वीच अरुंद झालेल्या रोहिण्या केवळ धावण्याने मोकळ्या होतील असे मानता येत नाही. म्हणून चाळिशीपुढच्या, विशेषतः घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या माणसाने आधी तपासणी करून घ्यावी, आणि छातीत दडपण किंवा चक्कर जाणवल्यास धावणे तत्काळ थांबवावे.

दुखापतींचे कारण मात्र बहुधा निराळे असते. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, तर कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे, आणि खुद्द हाडे यांना अनेक महिने लागतात. दम वाढला म्हणून अंतर वाढवले की नडगी, टाच आणि गुडघा दुखू लागतात ते या तफावतीमुळेच. २००४ साली सुरू झालेल्या आणि आता जानेवारीत भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनने महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांत धावण्याची आवड रुजवली, हे तिचे मोठेच श्रेय आहे; परंतु वर्षानुवर्षे बैठे काम केलेल्या माणसाने दिवाळीनंतर धावायला लागून त्याच जानेवारीत ४२.१९५ किलोमीटरचे अंतर कापायचे ठरवणे हा आपल्या कंडरांवर अन्याय आहे. त्याने पहिले काही आठवडे नुसते चालावे, मग पाच मिनिटांच्या चालीमध्ये एक मिनिट धावावे, आणि स्पर्धेसाठी पुढच्या वर्षीचा जानेवारी धरावा.