रेजिनाचा दगड
रोमन सीमाप्रांत म्हटला की लोकांना सैनिक आठवतात. मला रेजिना आठवते. उत्तर इंग्लंडमध्ये साउथ शील्ड्सला 1878 मध्ये तिचा दुसऱ्या शतकातला समाधिदगड सापडला. दक्षिण ब्रिटनच्या कॅटुवेलौनी जमातीतली ही बाई आधी गुलाम होती. सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या बराटेसनं तिला मुक्त करून तिच्याशी लग्न केलं. ती तिसाव्या वर्षी गेली. दगडावर ती विणलेल्या खुर्चीत बसली आहे: एका हातात चाती, दुसरा दागिन्यांच्या पेटीवर, शेजारी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. खालचं लॅटिन व्याकरणात अडखळतं; बराटेसच्या मायबोलीतली एकच ओळ मात्र सफाईदार आहे आणि ती हळहळीच्या उद्गारानं संपते. रोमची सीमा समजून घ्यायची असेल, तर सेनापतींच्या चरित्रांआधी हा दगड पाहा.