दलित लेखकाने विज्ञानकथा का लिहावी?

दलित साहित्याची चर्चा वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांभोवती बरीच वर्षे फिरत आली आहे. या शब्दांनी मराठी वाङ्मयाचा तोंडवळा बदलला, हे मान्य करूनच मला एक प्रश्न उपस्थित करायचा आहे. ज्याने भोगले त्यानेच लिहावे, हे आपण प्रस्थापितांना ठासून सांगितले. पण ज्याने भोगले त्याने फक्त भोगलेलेच लिहावे, असे आपण कधी ठरवले?

मी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा आवडीने वाचतो आणि लिहितोही. ही आवड आपल्यातल्या पुष्कळांना चैनीची वाटते. 'वस्तीला पाणी नाही आणि हा मंगळावर निघाला', असे म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांचा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तो पलायनवादाचा आरोप आहे, आणि त्याला उत्तर द्यायचे तर हा वाङ्मयप्रकार नेमके काय करतो ते आधी सांगितले पाहिजे.

विज्ञानकथा जगाचा एखादा नियम बदलते आणि बाकीचे नियम कसोशीने पाळते. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या कादंबरीतला माणूस अदृश्य होतो. पण त्याचे कपडे दिसतात, म्हणून त्याला ऐन थंडीत उघडे हिंडावे लागते. खाल्लेले अन्न अंगी लागेपर्यंत लोकांना दिसत राहते. एक नियम हलवला की त्याचे धागे कोठवर गेलेले आहेत ते असे उलगडत जाते. अद्भुतकथा त्या बदलाचे शास्त्रीय कारण देत नाही, पण तिलाही आपल्या जगाचा हिशेब चोख ठेवावा लागतो. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नपासून मला गोडी लागली ती या हिशेबीपणाची. जातिव्यवस्था हाही एक नियमच आहे. वास्तववादी कथा त्या नियमाखाली चिरडलेला माणूस दाखवते, आणि ते काम मोलाचे आहे. विज्ञानकथा तो नियमच उचलून हातात घेते आणि उलटासुलटा करून पाहते. जो नियम असा हलवता येतो तो निसर्गाचा नाही, माणसाने केलेला आहे, हे वाचकाला आपोआप कळते.

हे काम अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी आपल्या आधी केले आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे नाव आपल्याला विचारवंत म्हणून माहीत आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली त्यांना पत्र लिहिले होते. याच ड्यू बॉइस यांनी १९२० साली 'द कॉमेट' ही कथा प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या एका बँकेतला काळा निरोप्या तळघरात कामाला पाठवला जातो. तेवढ्यात धूमकेतूच्या विषारी वायूने वरचे शहर मरून पडते. वाचलेली दुसरी व्यक्ती म्हणजे एक श्रीमंत गोरी तरुणी. जगात आता आपण दोघेच, असे वाटताच काही तासांत वर्णाची भिंत विरघळते. मग शहराबाहेर असलेला तिचा बाप माणसे घेऊन येतो आणि त्याच क्षणी तो पुन्हा 'काळा' होतो. त्याच्या कातडीत काहीही बदललेले नसते. फक्त भोवती समाज परत आलेला असतो. वर्ण शरीरात राहत नाही, समाजाच्या नजरेत राहतो, हे सांगायला त्यांना धूमकेतू लागला. या कथेला पलायन कोण म्हणेल?

ऑक्टेव्हिया बटलर (१९४७–२००६) यांचे उदाहरण मला त्याहून जवळचे आहे. त्यांची आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी-झाडलोट करी. बटलर कॉलेजात असताना एका काळ्या तरुणाने, मागच्या पिढ्यांनी इतके निमूट सोसले म्हणून त्यांच्याविषयी भयंकर संताप व्यक्त केला. हा संताप आपल्या तरुणांनाही परिचित आहे. जोहार घालणाऱ्या आज्याची लाज वाटलेली मुले आपल्यात होती आणि आहेत. बटलर यांनी त्याला निबंधाने उत्तर दिले नाही. १९७९ साली 'किंड्रेड' ही कादंबरी आली. तिच्यात १९७६ सालची एक सुशिक्षित काळी स्त्री एकाएकी मेरीलँडच्या गुलामगिरीच्या काळात ओढली जाते, आणि तेथे मालकाच्या मुलाचा जीव तिला पुनःपुन्हा वाचवावा लागतो, कारण तोच तिचा पूर्वज आहे. शेवटी ती परतते, पण डावा हात भूतकाळातच गमावून. हा कालप्रवास कसा घडतो याचा खुलासा कादंबरीत नाही, म्हणून बटलर तिला विज्ञानकथा न म्हणता अद्भुतकथा म्हणत. आजच्या माणसाला त्या काळात उभे केल्यावरच कळते की नुसते जिवंत राहणे हे केवढे धाडस होते. आजीचे सोसणे हा भेकडपणा नव्हता, हे आत्मकथनानेही सांगता येते. पण या कादंबरीत ते वाचकाला स्वतःच्या अंगावर झेलावे लागते.

आता आपल्या मराठीकडे वळू. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते डॉ. जयंत विष्णु नारळीकर होते. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून नाव घेतले. ही सचोटी मला फार आवडते. पण बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा आहे, याचीही मला त्याच वेळी आठवण होते. एकाने नाव लपवले ते मोठेपणाचा फायदा मिळू नये म्हणून; आपल्याकडे माणसे नाव लपवत आली ती भाड्याची खोली मिळावी म्हणून. एकाच समाजात नाव लपवण्याचे असे दोन अर्थ होतात. यावर विज्ञानकथा झाली पाहिजे.

नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी मराठी विज्ञानकथा उभी केली. मी त्यांचा ऋणी वाचक आहे. तरी वाचताना एक प्रश्न मनात येत राहतो : या उद्याच्या जगात झाडू कोणाच्या हातात आहे? यंत्रमानव माझ्या वाचनात पुष्कळ आले. गटारात उतरणारा यंत्रमानव मात्र मला त्या कथांत भेटला नाही. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला, आणि तरीही माणसे गटारात गुदमरून मरतात. मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव २०१८ साली तिरुअनंतपुरमला कामाला लागला. म्हणजे शास्त्राला हे जमत नव्हते असे नाही. चंद्रावर यान नेणाऱ्या देशाला त्याची निकड वाटली नाही, कारण आत उतरायला स्वस्त माणूस हजर होता. कोणते यंत्र आधी बनते आणि कोणते मागे राहते हे जातही ठरवते. विज्ञानकथेला याहून मोठा विषय कोणता हवा?

माझ्या एका कथेचा आराखडा येथे देतो. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईतल्या सावलीच्या विटाळाचा उल्लेख केला आहे. मी ही सावली दुसऱ्या ग्रहावर नेली. चंद्र जशी एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो, तसा हा ग्रह एकच बाजू आपल्या सूर्याकडे ठेवतो. तांबड्या खुज्या ताऱ्यांना अगदी जवळून फेरी घालणारे ग्रह असे असावेत, असे खगोलशास्त्रज्ञ मानतात. तेथे सूर्य हलत नाही, म्हणून सावलीही बदलत नाही. ग्रहाच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर, सावली पायाखाली. सूर्य ४५ अंशांवर दिसतो तेथे सावली माणसाच्या उंचीएवढी. कडेला सूर्य १० अंशांवर असतो तेथे ती उंचीच्या साडेपाच पटींहून लांब. पहिल्या वसाहतकारांनी काही कुटुंबांना कडेच्या गारठ्यात वसवले. चार पिढ्यांनंतर मध्यावरचे लोक म्हणू लागले की कडेच्या माणसांची सावली जन्मतःच लांब असते. कडेची माणसेही तेच मानू लागली. मग एक मुलगी मध्याकडे चालू लागते आणि पावलागणिक आपली सावली आखूड होताना पाहते. कथा एवढीच आहे. एका संपादकांनी ती परत पाठवली. तुमच्या अनुभवातले काही द्या, असे त्यांनी कळवले. सावलीचा अनुभव आमच्याइतका कोणाचा आहे, असे मी त्यांना उलट कळवले.

सॅम्युएल डिलेनी यांच्या 'नोव्हा' (१९६८) या कादंबरीलाही मासिकाच्या संपादकाने नकार दिला होता. काळा नायक वाचकांना मानवणार नाही, असे कारण मिळाल्याचे डिलेनी सांगतात. त्यांना अवकाशात जागा नव्हती. आपल्याला आत्मकथनाबाहेर जागा नसते. दोन्ही नकारांचे मूळ एकच आहे.

आणि ही कल्पनाशक्ती आपल्याला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी अमेरिकेतल्या गुलाममुक्तीची आठवण ठेवून तेथील लोकांना अर्पण केलेल्या 'गुलामगिरी'त (१८७३) दशावतारांची अद्भुतकथा घेतली आणि तिला व्यवहारी प्रश्न विचारून तिचा इतिहास केला. मत्स्य म्हणजे समुद्रावरून आलेल्या टोळीचा म्होरक्या, आणि बळी म्हणजे आपला न्यायी राजा. नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीतला वामन यंत्रमानव आहे. आपल्या बायाबापड्या मात्र दर दिवाळीला बळीच्या परत येण्याची वाट पाहत आल्या. संत रविदासांनी तर दुःख नसलेले, कराची धास्ती नसलेले, जेथे कोणीही कोठेही मोकळेपणी हिंडू शकतो असे बेगमपुरा नावाचे शहरच कल्पिले. माझी कडेवरची मुलगी त्याच शहराच्या वाटेवर आहे.

आज ही वाट थोडी रुळते आहे. मिमी मंडल या दलित लेखिकेने बटलर यांच्यावरचा ग्रंथ सहसंपादित केला आणि त्याला २०१८ साली लोकस पुरस्कार मिळाला. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २०२४ साली जातिविरोधी विज्ञानकथांचा संग्रह काढला. हे सारे इंग्रजीत घडते आहे. मराठीत ते घडवणे आपले काम आहे.

रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याची त्याची इच्छा होती, हे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले आहे. त्याच्या मरणावर आपण कविता लिहिल्या, मोर्चे काढले. ते आवश्यकच होते. पण त्याला जे लिहायचे होते ते अजून लिहायचे राहिले आहे. आपल्या वस्त्यांतल्या वाचनालयांत आत्मकथनांच्या शेजारी ताऱ्यांची पुस्तके असावीत, आणि आपल्या नियतकालिकांनी विज्ञानकथांसाठी पाने राखावीत. वस्तीला पाणी मिळवण्याचा लढा त्यामुळे थांबणार नाही. पाणी सर्वांना सारखे मिळते ते जग कसे चालेल, हे आधी कोणीतरी कल्पून, हिशेब मांडून लिहिलेले असले, तर तो लढा अधिक डोळसपणे लढता येईल.