बरणीच्या तळाचा खार

कैरीच्या लोणच्यातल्या फोडी दिवाळीनंतर हळूहळू विरळ होत जातात आणि माघ-फाल्गुनात बरणीच्या तळाशी नुसता खार उरतो. नव्या कैऱ्या येण्याआधी बरणी घासून उन्हात ठेवायची असते, म्हणून बऱ्याच घरांत तो मोरीत ओतला जातो. माझ्या मते लोणच्यातला सर्वांत मोलाचा ऐवज तोच असतो. कैरीची आंबटाई, मीठ, मोहरी, मेथी, हिंग आणि तेल वर्षभर एकत्र मुरून जी चव तयार होते, ती ताज्या मसाल्यातून कितीही खटाटोप केला तरी मिळत नाही.

खार बराचसा कैरीच्याच पाण्याचा असतो. फोडींना मीठ-हळद चोळून रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी पातेल्यात पिवळं पाणी साचलेलं दिसतं. मीठ फोडींच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि त्याबरोबर कैरीतली आम्लंही बाहेर येतात. फोडी करकरीत राहाव्यात म्हणून काही घरांत हे पाणी निथळून टाकतात. निथळायला हरकत नाही, पण टाकू मात्र नये. गुजराती घरांत त्याला ‘खाटुं पाणी’ म्हणतात आणि लोणच्यात घालायची मेथी व हरभरे त्यातच भिजवतात. आपल्याकडे त्यात हिरव्या मिरच्या चिरून घालता येतात.

मोहरीची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. अख्ख्या दाण्याला झणका नसतो. मोहरीत सिनिग्रिन नावाचं एक द्रव्य असतं आणि त्याच्यापासून वेगळं ठेवलेलं मायरोसिनेज हे विकरही असतं. दाणा फुटून ओलावा मिळाला की दोघं एकत्र येतात आणि नाकात जाणारं उडनशील तेल तयार होतं. पाणी घालून मोहरी फेसायची रीत या क्रियेवरच उभी आहे. उष्णतेने विकर निकामी होतं. म्हणून फोडणी पूर्ण गार झाल्यावरच लोणच्यावर ओतायची, हा जुन्या बायकांचा दंडक रसायनशास्त्रालाही धरून आहे. हे झणझणीत तेल जंतू आणि बुरशी यांना आवरतं. मीठ त्यांच्या वाट्याचं पाणी काढून घेतं, आंबटपणा त्यांची वाढ रोखतो आणि वरचा तेलाचा थर हवा लागू देत नाही. एवढे चार पहारे असल्यामुळेच लोणचं शीतकपाटाशिवाय वर्षभर टिकतं.

ही विद्या जुनी आहे. गुरुलिंग देशिक यांच्या १५९४ सालच्या ‘लिंगपुराण’ या कन्नड ग्रंथात लोणच्याचे पन्नास प्रकार आल्याची नोंद खाद्येतिहासकार के. टी. अचया यांनी केली आहे. लाल तिखटाशिवाय लोणच्याची बरणी आज डोळ्यांपुढे आणणं कठीण जातं, पण मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या मागोमाग. त्याआधी तिखटपणाचा भार मिरी, आलं आणि मोहरी यांच्यावर होता. कोकणात ओल्या मिऱ्यांचे घोस आजही मीठ आणि लिंबाच्या रसात घालतात. मिरचीपूर्वीच्या लोणच्याची चव कशी असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पाळीतल्या बाईचा हात लागला की लोणचं नासतं, ही समजूत अजून कित्येक घरांत जिवंत आहे. २०१४ साली ‘टच द पिकल’ नावाची जाहिरात मोहीम तिच्याविरुद्ध निघाली, यावरून ती किती खोल रुजली आहे हे कळतं. लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने, मीठ कमी पडल्याने किंवा फोडी तेलाबाहेर राहिल्याने. बाईच्या पाळीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आता खाराच्या उपयोगांकडे येऊ. पातळ पोह्यांना खार चोळायचा, बारीक चिरलेला कांदा, भाजलेले दाणे आणि खोबरं घालायचं आणि दहा मिनिटं दडपून ठेवायचं. याच्या तोडीचं मधल्या वेळचं खाणं मला ठाऊक नाही. थालिपिठाच्या भाजणीत दोन चमचे खार घातला की तिखट, मीठ, हिंग वेगळं घालायला नको. भरल्या वांग्यांच्या दाण्याच्या कुटात तो उत्तम मिसळतो. मऊ भात आणि मेतकूट यांवर तुपाऐवजी एखाद्या दिवशी खाराचं तेल घेऊन पाहावं. आमटीत घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावर घालावा. उकळला तर मोहरीचा झणका उडून जातो आणि मेथीचा कडूपणा तेवढा मागे राहतो. लिंबाच्या गोड लोणच्याचा उरलेला पाक पाण्यात ढवळला की सरबत होतं आणि आजाऱ्याच्या तोंडाला चव येते.

बिनतेलाच्या खाऱ्या पाण्याची तऱ्हा वेगळी आहे. गोव्यात तोरां, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, मिठात घालून वर वजन ठेवून चेपतात आणि पावसाळ्यात पेजेबरोबर खातात. ते पाणी मिठाच्या जागी चटणीत, कोशिंबिरीत, ताकात चालतं. पितळेच्या भांड्यांवरचा काळपटपणाही आंबट-खाऱ्या पाण्याने चिंच-मिठासारखाच निघतो, मात्र नंतर भांडं लगेच धुऊन कोरडं करावं. कुंडीत ते चुकूनही ओतू नये, कारण मिठाने झाड मरतं. रशियात खारवलेल्या काकड्यांचं पाणी घालून ‘रसोल्निक’ नावाचं सूप करतात. आपल्या उत्तरेकडे गाजर आणि मोहरी आंबवून केलेल्या कांजीत तर पाणी हाच मुख्य पदार्थ असतो.

पेटके आल्यावर लोणच्याचं पाणी पिण्याची पद्धत परदेशी खेळाडूंत आहे. केव्हिन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विजेच्या झटक्याने आणलेला पेटका, साध्या पाण्याच्या तुलनेत लोणच्याच्या पाण्याने सुमारे ४९ सेकंद आधी सुटला. एवढ्या थोड्या वेळात मीठ रक्तात पोचून परिणाम करणं शक्य नाही. तेव्हा घशाला लागणाऱ्या आंबट चवीमुळे मज्जातंतूंना काही इशारा मिळत असावा, असा त्यांचा तर्क आहे. ते पाणी काकडीच्या लोणच्याचं होतं. तेल-तिखटाचा आपला खार पिण्यासाठी नाही.

मिठाचं भान ठेवायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं. म्हणून खार मिठाच्या ऐवजी वापरावा, मिठाच्या जोडीला नव्हे. खवट वास आला किंवा बुरशी दिसली तर जीव अडकवू नये, सगळा टाकून द्यावा. नुसत्या तेलात लसूण बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे, कारण आंबटपणा नसलेल्या आणि हवा न पोचणाऱ्या जागी बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात. लसणीच्या लोणच्यात लिंबू किंवा व्हिनेगर सढळ हाताने घालावं.

थंडीत गाजर, फ्लॉवर, मटार, ओली हळद बाजारात येतील. जुन्या खारात या भाज्या घालण्याआधी धुऊन, कापडावर पसरून अगदी कोरड्या करा आणि वरून लिंबू पिळा. भाज्यांचं पाणी सुटून खारातलं मीठ आणि आंबटाई पातळ होते, म्हणून हे दुसऱ्या फेरीचं लोणचं वर्षाच्या बेगमीसाठी ठेवू नका. शीतकपाटात ठेवा आणि आठवड्याभरात संपवा.