अर्ध्या संवादाचे वाचन

अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे आणि 'केसरी'चे मालक-संपादक लोकमान्य टिळक यांचा पत्रव्यवहार अभ्यासताना एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी लागते, ती ही की पत्रसंग्रहात, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या घरातून अभिलेखागारात आलेल्या दप्तरात, मुख्यतः तिला आलेली पत्रे असतात, तिने धाडलेली नव्हेत. खापर्ड्यांचे कागद व रोजनिश्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण अमरावतीहून गेलेली उत्तरे टिळकांच्या कागदांतच शोधावी लागतात, आणि संवादाचे हे दोन अर्धे जुळवणे हेच खरे कष्टाचे काम होय.

ते बहुधा तारखेपाशी अडते. पत्रावर नुसता वार असेल तर पाकिटावरील टपालाचा शिक्का पाहावा लागतो, आणि पाकीटच हरवले असेल तर मजकुराकडे वळावे लागते. 'केसरी' मंगळवारी निघत असे. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात पुढे आलेले 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख अनुक्रमे १२ मे आणि ९ जूनचे, म्हणजे दोन्ही मंगळवारचेच. त्यामुळे एखाद्या छापून आलेल्या लेखावर पत्रात अभिप्राय आढळला की ते पत्र निदान कोणत्या मंगळवारनंतरचे एवढे तरी ठरते. टपालाचे दिवसही मोजावे लागतात, कारण मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोल्यावरून बडनेऱ्याला येतो आणि अमरावती तेथून फुटलेल्या शाखेवर आहे.

त्या काळच्या खासगी पत्रांत मोडीही भेटते. हात न उचलता लिहिण्याच्या या लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राखत नाहीत, म्हणून अनोळखी गावाचे वा माणसाचे नाव सावकाश, दोन-तीनदा ताडूनच वाचावे लागते. शिवाय जुन्या कागदांतली 'उमरावती' म्हणजेच आजची अमरावती, हेही माहीत असावे लागते. घडीवर विरलेला कागद उलगडताना नेमकी घडीवरची ओळ तुटते, आणि ती गेली तर तिच्याजागी तर्काने शब्द घालणे हा प्रस्तुत लेखकाच्या मते अपराधच आहे; तिथे मोकळी जागाच दाखवावी.

सरकारी कागदांशी ताडून पाहण्यातही वऱ्हाडची अडचण निराळी आहे, कारण १९०३ पूर्वी अकोला-अमरावतीचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता आणि नंतर तो मध्य प्रांताकडे गेला.

१९०८ मध्ये टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले आणि त्यांच्या अपिलासाठी खापर्डे इंग्लंडला निघाले, ते १९१० मध्ये परतले. त्या अवधीत पत्राची एक बाजू ब्रह्मदेशात, दुसरी लंडनमध्ये, आणि अमरावतीच्या पत्त्यावर त्यांचे घर मात्र वाट पाहत राहिलेले. अशा वेळी खापर्ड्यांच्या इंग्रजी रोजनिशीचे पान उघडून बसावे लागते.