उंचीचं इंजेक्शन घेतल्यावर मुलांचे मार्कही वाढतात का?

वयाच्या मानानं मूल फारच लहान दिसतं म्हणून पालक डॉक्टरांकडे जातात. तपासणीत ग्रोथ हार्मोनची कमतरता निघते आणि रोज रात्री एक इंजेक्शन सुरू होतं. उंची वाढायला लागते. मग घरच्यांना वाटतं, आता अभ्यासातही प्रगती होईल.

तसं होतं का? सहसा नाही. कारण उंची आणि बुद्धी या वेगळ्या गोष्टी आहेत.

बुटकं मूल अभ्यासात मागे असतं का?

ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात सुरू झालेल्या ‘वेसेक्स ग्रोथ स्टडी’त कमी उंचीच्या, पण निरोगी मुलांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. शाळेतल्या प्रगतीचा अंदाज उंचीपेक्षा घरच्या सामाजिक-आर्थिक परिस्थितीवरून जास्त चांगला येतो, असं त्यात दिसलं. ग्रोथ हार्मोन कमी असलेल्या बहुतेक मुलांची बुद्धीही सर्वसाधारणच असते.

मग काहींना अभ्यास जड का जातो?

ते उंची कमी असण्याच्या कारणावर ठरतं. टर्नर सिंड्रोम साधारण दोन ते अडीच हजारांतल्या एका मुलीला असतो. या मुली सहसा वाचनात, बोलण्यात चांगल्या असतात, पण अनेकींना गणित, भूमिती, नकाशे अवघड जातात. इंजेक्शननं त्यांची उंची वाढते, गणिताची अडचण मात्र तशीच राहते. त्यासाठी वेगळी तपासणी आणि वेगळी शिकवणी लागते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळतात.

उपचारानं बुद्धी वाचते, असा आजार कोणता?

जन्मजात थायरॉइडची कमतरता. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून ती कळते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच शिकतात. उशीर झाला, तर उंची बरीचशी भरून निघते, पण मेंदूचं झालेलं नुकसान पूर्ण भरून निघत नाही.

पालकांनी काय करावं?

चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुलाची उंची वर्षाला ५ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अभ्यासात अडचण असेल, तर ‘उंची वाढली की सुधारेल’ म्हणून थांबू नका, तिची तपासणी लगेच करून घ्या.

आणि बारा वर्षांचं मूल आठ वर्षांचं दिसत असलं, तरी त्याच्याशी बारा वर्षांच्या मुलासारखंच वागा. शाळेतही हे सांगून ठेवा.